सुताराला बोलावण्याआधी: वन रूम किचनमध्ये साठवणीची जागा कशी काढावी

जागा अपुरी पडू लागली की बहुतेक घरांतून पहिला फोन सुताराला जातो. तो येतो, भिंतीकडे पाहून ‘इथे जमिनीपासून छतापर्यंत कपाट काढू, वर लॉफ्ट काढू’ असे सांगतो, आपण मान डोलावतो, आणि दोन वर्षांत त्याच घरात पलंगाखाली पिशव्या, कपाटावर बॅगा आणि दारामागे गाठोडी दिसू लागतात. डोंबिवलीत ३१८ चौरस फुटांच्या घरात आम्ही चार माणसे अकरा वर्षे राहत आहोत, आणि या काळात घरातले लाकूडकाम दोनदा झाले. पहिल्या वेळी सुतार आधी आला आणि आमचा विचार नंतर झाला. दुसऱ्या वेळी जवळजवळ तीन महिने आम्ही फक्त मोजणी आणि आवराआवर केली आणि सुताराला अगदी शेवटी बोलावले. या खेपेला प्लाय पहिल्यापेक्षा कमी लागला, तरीही जागा पहिल्यापेक्षा जास्त निघाली. पुढे दिलेला क्रम त्या दुसऱ्या वेळचा आहे, आणि लहान घरात राहणाऱ्या कोणालाही तो थोड्याफार फरकाने लागू पडेल अशी माझी खात्री आहे.

पहिली पायरी: घराचे माप

करारनाम्यातल्या आकड्यावर विसंबून राहू नये. २०१६च्या रेरा कायद्यातील व्याख्येप्रमाणे कार्पेट क्षेत्रफळात घराच्या आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते, त्यामुळे प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जमीन त्याहून थोडी कमीच भरते. प्रत्येक भिंत जमिनीलगत, कंबरेच्या उंचीवर आणि छताजवळ अशी तीन ठिकाणी मोजावी, कारण गिलाव्यामुळे भिंती क्वचितच ओळंब्यात असतात. या तिन्हींत जे माप सर्वांत लहान येईल तेच कपाटाचे माप धरावे. सुतार इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. माप त्यांच्याच भाषेत, म्हणजे ‘पाच फूट सात इंच तीन सूत’ अशा रीतीने लिहून ठेवले, तर पुढे काम करताना घोटाळा होत नाही.

ही मापे आलेख कागदावर मांडावीत. एक सेंटिमीटर म्हणजे एक फूट असे प्रमाण धरले की अख्खे घर एका पानावर मावते. त्यावर दारे व खिडक्या, त्या उघडताना किती जागा घेतात, स्विचबोर्ड, नळ, गॅसचा पाइप आणि पंखा या सर्वांच्या खुणा कराव्यात. पंखा हमखास राहून जातो. ४८ इंची पंख्याची पाती मध्यापासून दोन फुटांपर्यंत फिरतात आणि छताखाली साधारण फूटभर लोंबतात, म्हणजे पोटमाळ्याची दारे नेमकी ज्या उंचीवर उघडतात त्याच उंचीवर ती असतात. आमच्या पहिल्या पोटमाळ्याचे एक दार पूर्ण उघडले की थेट पात्यांच्या वाटेत जात असे, आणि ऐन मे महिन्यात बॅग काढायची तर पंखा बंद करून, पाते हाताने धरून, मग दार उघडावे लागे. एका सकाळी हे विसरले गेले, पाते वाकले आणि दाराची बिजागरी निखळून खाली आली. खाली कोणी उभे नव्हते म्हणून निभावले. दुसऱ्या वेळी तिथे सरकती दारे बसवली.

याच वेळी आणखी एक काम करावे. घरात ज्या व्यक्तीचा हात कपाटांना सर्वांत जास्त लागतो, तिने अनवाणी, टाचा न उचलता उभे राहावे, हात वर करावा आणि वस्तू धरता येईल त्या उंचीवर भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढावी. पाच फूट उंचीच्या व्यक्तीची ही रेघ सहा फुटांच्या आसपास येते. रोज लागणारी एकही वस्तू या रेघेच्या वर जाता कामा नये. रेघेखालच्या जागेतही गुडघ्यापासून खांद्यापर्यंतचा पट्टा सर्वांत मोलाचा असतो, आणि नेमका तोच पट्टा बहुतेक घरांत शोभेच्या वस्तू व टीव्हीच्या मोठ्या युनिटने अडवलेला दिसतो.

दुसरी पायरी: वस्तू किती अंतराने लागते

वस्तूंची वाटणी ‘भांडी’, ‘कपडे’, ‘कागद’ अशी करण्याची आपल्याला सवय असते. लहान घरात मात्र वस्तू किती अंतराने लागते हा प्रश्न आधी विचारावा लागतो. एका सुट्टीच्या दिवशी एकच कपाट किंवा एकच मांडणी पूर्ण रिकामी करावी, सगळ्या वस्तू चादरीवर मांडाव्यात आणि त्यांचे पाच ढीग करावेत: रोज लागणाऱ्या, आठवड्यातून एकदा लागणाऱ्या, महिन्यातून कधीतरी लागणाऱ्या, वर्षातून एकदा लागणाऱ्या, आणि गेल्या दोन वर्षांत हात न लागलेल्या. अख्खे घर एकाच दिवशी काढू नये. रात्री झोपायला जागा उरत नाही आणि मग सगळे पुन्हा जसेच्या तसे कोंबले जाते.

पाचव्या ढिगाबाबत घरात वाद होतात, आणि ते स्वाभाविक आहे. आजीचे पितळी घंगाळ किंवा मुलाचे पहिले झबले दोन वर्षांत वापरले नाही म्हणून टाकून द्यायचे नसते. अशा वस्तूंसाठी घरातल्या प्रत्येकाला एक डबा द्यावा, साधारण दीड फूट लांब आणि फूटभर रुंद, आणि त्यात मावेल ते विनाप्रश्न ठेवावे. घंगाळासारखी मोठी वस्तू वापरात आणावी. आमच्या घंगाळात आता कांदे-बटाटे असतात. बाकीचे भंगारवाल्याला किंवा ज्याला गरज आहे त्याला द्यावे. जुने कपडे बोहारणीला देताना एवढे लक्षात ठेवावे, की कपाटातून गेलेली जागा नव्या भांड्याच्या रूपाने मांडणीवर परत येते.

उरलेल्या ढिगांचे आकारमान काढणे हा या पायरीचा खरा गाभा आहे. वस्तू खोक्यांत भरून लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजावी आणि गुणाकार करावा, म्हणजे घनफूट मिळतात. आमच्या घरी वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू २७ घनफूट भरल्या. आठ फूट लांब, दोन फूट खोल आणि दोन फूट उंच पोटमाळ्यात ३२ घनफूट जागा असते, तर सव्वासहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि आतून दहा इंच खोल दिवाणात साधारण साडेपंधरा घनफूट. हे आकडे समोर आल्यावर आणखी एक कपाट हवे की नको याचे उत्तर आपोआप मिळते. आम्हाला ते नको होते.

पोटमाळा: दोन रांगा, दोन हंगाम

पोटमाळा भरतो तो मागच्या बाजूने. पुढे ठेवलेली वस्तू दिसते, मागची विसरली जाते, आणि विसरलेली वस्तू पुन्हा विकत आणली जाते. यावर आम्हाला जी युक्ती लागू पडली तिचे मूळ आपल्या सणवारांत आहे.

दोन फूट खोल पोटमाळ्यात फूटभर रुंदीच्या डब्यांच्या बरोबर दोन रांगा बसतात, आणि आपले वर्षही सोयीने दोन भागांत विभागता येते. पहिल्या भागात मंगळागौर, गणपती, नवरात्र आणि दिवाळी येतात: मखराचे सुटे भाग, दिव्यांच्या माळा, जास्तीच्या समया, घटस्थापनेचे साहित्य, सोऱ्या, फराळाचे डबे, आकाशकंदील. दुसऱ्या भागात संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे वाण, गावी नेण्याचे स्वेटर, कुरडया-पापडांच्या वाळवणासाठी लागणारा प्लास्टिकचा कागद व जुन्या चादरी आणि मे महिन्यातल्या प्रवासाच्या बॅगा येतात. वटपौर्णिमेच्या सुमारास पहिल्या भागाची रांग पुढे आणावी, आणि दिवाळीचा कंदील उतरवला की तीच रांग मागे सारून दुसरी पुढे घ्यावी. वर्षातून दोन वेळा तासाभराचे काम होते, त्यातच साफसफाईही होते, आणि एरवी स्टूलावर चढून मागचे डबे ओढण्याची वेळ येत नाही. ज्यांच्या घरी सण वेगळे आहेत त्यांनी आपापल्या वर्षाचे असेच दोन भाग पाडावेत.

डबे झाकणाचे, पारदर्शक आणि शक्यतो एकाच मापाचे घ्यावेत. पुठ्ठ्याची खोकी पावसाळ्यात ओल धरतात आणि त्यांच्या घड्यांत झुरळे घर करतात. प्रवासाच्या बॅगा रिकाम्या ठेवू नयेत. मोठीत लहान आणि लहानीत स्वेटर असे भरावे. पोटमाळ्याच्या दाराच्या आतल्या बाजूला डब्यांचे क्रमांक आणि आतल्या वस्तू यांची यादी चिकटवावी. पितळी पातेली आणि पुस्तकांची खोकी मात्र वर कधीही चढवू नयेत. उतरवताना तोल गेला तर इजा माणसाला होते, आणि लाकडी पोटमाळ्याची तळफळीही अशा वजनाने हळूहळू वाकते.

स्वयंपाकघर

लहान घरात वस्तूंची सर्वांत जास्त दाटी स्वयंपाकघरात असते, आणि जागेची सर्वांत मोठी नासाडीही तिथेच होते. कारण डब्यांत सापडते. चौकोनी जागेत बरोबर बसणारा गोल डबा त्या जागेचा सुमारे ७८ टक्के भाग व्यापतो आणि उरलेला पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग चार कोपऱ्यांत रिकामा राहतो. पाच गोल डब्यांच्या जागी चौकोनी डबे ठेवले तर जवळजवळ एका डब्याचा ऐवज जास्त मावतो. घरातले स्टीलचे गोल डबे टाकून द्यावेत असे मी सुचवणार नाही. ते सणासुदीच्या फराळाला वापरावेत आणि रोजच्या डाळी-पिठांसाठी हळूहळू चौकोनी डबे घ्यावेत. फळ्यांमधले अंतर डब्याच्या उंचीपेक्षा दोन इंच जास्त ठेवावे, त्याहून जास्त नको. सहा इंचांच्या डब्यावर आणखी सहा इंच पोकळी सोडलेली फळी म्हणजे अर्धी वाया गेलेली फळी असते.

आपल्या जुन्या घरांतल्या उतरंडीत एक शहाणपण होते. खाली मोठे मडके, त्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान, अशी ती रचना एका मडक्याच्या जागेत सहा-सात मडकी उभी करीत असे. पातेल्यांना हाच न्याय उलट्या बाजूने लावावा आणि ती एकात एक बसवावीत, मात्र मधल्या पातेल्यासाठी वरची चार उचलावी लागणार नाहीत इतकीच. तीनपेक्षा जास्त भांडी एकात एक घालू नयेत, असे अनुभवावरून सांगतो. झाकण्या वेगळ्या, उभ्या, ताटाळ्यासारख्या मांडणीत ठेवाव्यात.

ओट्याखाली स्टीलच्या ट्रॉल्या कराव्यात की कडाप्पाच्या फळ्या ठेवाव्यात, हा प्रश्न नेहमी पडतो. कडाप्पाला वाळवी लागत नाही, पाण्याने तो फुगत नाही आणि खर्चही कमी येतो, पण दोन फूट खोल फळीच्या मागचे डबे काढायला खाली बसून वाकावे लागते. ट्रॉली पुढे ओढली की मागची वस्तू समोर येते. माझ्या मते गॅसच्या जवळच्या भागात ट्रॉल्या असाव्यात आणि कोपऱ्यात, जिथे ट्रॉली नीट उघडत नाही, तिथे कडाप्पा तसाच ठेवावा. ट्रॉल्या घेताना ३०४ दर्जाचे स्टील मागावे. खाडी किंवा समुद्राजवळच्या हवेत हलके स्टील लवकर गंजते. सिंकखाली धान्य किंवा पीठ ठेवू नये, कारण तिथला पाइप कधी ना कधी ठिबकतोच. तिथे बादली, घासण्या आणि कचऱ्याच्या पिशव्या ठीक.

वर्षाचे धान्य भरण्याच्या पद्धतीचा लहान घरात फेरविचार करावा लागतो. पन्नास किलो गव्हाला साधारण ६५ लिटरची, म्हणजे सव्वादोन घनफुटांहून थोडी जास्त जागा लागते, आणि तांदूळ-डाळी धरल्या तर हा आकडा बघता बघता दुप्पट होतो. ज्यांना गावाकडून धान्य येते त्यांनी ते उन्हात वाळवून, डाळींना एरंडेल तेलाचा हात लावून, दिवाणाखाली घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवावे. ज्यांना वाण्याकडूनच आणायचे आहे त्यांनी महिन्यापुरतेच आणावे. घराच्या चौरस फुटाला मोजलेली किंमत पाहता ही जागा धान्याला देणे परवडत नाही.

सिलिंडरची जागा कितीही मोहाची वाटली तरी ती बंदिस्त करून आजूबाजूला सामान भरू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर खालीच साचतो, म्हणून सिलिंडर उभाच ठेवावा आणि त्याच्या खणाच्या दाराला तळाशी जाळी असावी. पाइपने गॅस आलेल्या घरात हा खण मोकळा होतो. मीटर आणि कॉक मात्र लाकडी खोक्यात बंद करू नयेत.

कपडे, अंथरुणे आणि कागद

हँगरच्या कपड्यांना कपाट बावीस ते चोवीस इंच खोल लागते, घडीच्या कपड्यांना पंधरा-सोळा इंच पुरतात. वन रूम किचनमध्ये अख्खे कपाट चोवीस इंची केले तर चालण्याच्या वाटेतली आठ इंच जागा विनाकारण जाते, म्हणून हँगरसाठी तीन फुटांचाच भाग खोल करावा. ड्रॉवरमध्ये घड्या एकावर एक न रचता फायलींसारख्या उभ्या लावल्या की खालचा सदरा काढताना वरचे ढासळत नाहीत. पैठणी आणि इतर जरीच्या साड्या सुती किंवा मलमलच्या कापडात गुंडाळून सपाट ठेवाव्यात, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी आणि डांबराच्या गोळ्या जरीला चिकटू देऊ नयेत.

पाहुण्यांच्या रजया हवा काढून घेण्याच्या पिशव्यांत घातल्या की निम्म्याहून कमी होतात. कापसाच्या गाद्या अशा दाबून ठेवू नयेत. कापूस गोळा होतो आणि पिंजून आणावी लागते. पलंगाच्या पोटात जागा करताना वर उचलणारा हायड्रॉलिक पलंग घ्यायचा की ड्रॉवरचा, हे समोरच्या जागेवरून ठरवावे. ड्रॉवर पूर्ण उघडायला समोर किमान दोन फूट मोकळी जागा हवी. ती नसेल तर वर उचलणारा पलंग घ्यावा, मात्र त्याचे पंप आपल्या गादीच्या वजनाप्रमाणे निवडावेत.

रेशन कार्ड, आधार, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, करारनामे अशा कागदांची एकच पेटी असावी आणि ती चटकन उचलता येईल अशा जागी, दाराजवळच्या कपाटात असावी. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी ती कंबरेच्या वरच ठेवावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा सखल भागांतल्या कित्येक घरांत कपाटांचे खालचे खण पाण्यात गेले होते.

भिंती आणि ओल

भिंतीवर फळी ठोकण्याआधी भिंत कशाची आहे ते पाहावे. विटांची भिंत साध्या स्क्रूला धरून ठेवते. नव्या इमारतींतल्या हलक्या सिपोरेक्स, म्हणजे सच्छिद्र काँक्रीटच्या, ठोकळ्यांना त्यांच्यासाठीचे वेगळे, लांब अँकर लागतात, नाहीतर भरलेली फळी काही महिन्यांत सुटते. तुळई आणि खांब यांना छिद्रे पाडू नयेत, आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू नये, कारण वायर बहुधा त्याच रेषेत गेलेली असते. दाराच्या चौकटीवरची भिंत सहसा रिकामी असते. तिथे दहा इंच खोल फळी आली की पुस्तकांची मोठी सोय होते. पुस्तकांना अठरा मिलिमीटरच्या प्लायची फळी अडीच-तीन फुटांपेक्षा लांब करू नये, ती मध्ये झोळते.

पावसाची झड लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवून ठेवणे ही कोकणपट्टीतल्या घरांतली फार महाग पडणारी चूक आहे. दोन इंच अंतर सोडावे, पाठफळीला वर-खाली छिद्रे पाडावीत आणि पावसात उघडीप मिळाली की दारे तासभर उघडी टाकावीत. ओल लागणाऱ्या ठिकाणी बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारा, प्लायच वापरावा. त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो, तो पाहून घ्यावा. कोरड्या आतल्या भागात एमआर दर्जाचा, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा, प्लाय पुरतो.

जिन्यात आणि मजल्याच्या मोकळ्या मार्गात चपलांचे कपाट, सायकल किंवा जुने फर्निचर ठेवण्याची सवय सर्वत्र दिसते. ही जागा सुटकेच्या वाटेची आहे. धुराने भरलेल्या जिन्यात अडखळायला एक कपाट पुरेसे होते, आणि सुटकेचे मार्ग मोकळे ठेवणे हे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली बंधनकारक आहे. खिडकीच्या पेटीसारख्या ग्रिलमध्ये सामान भरणेही याच कारणाने टाळावे, आणि त्या ग्रिलला आतून उघडणारी खिडकी ठेवावी.

आता सुतार

आलेख कागद, घनफुटांचे आकडे आणि पेन्सिलीची रेघ, एवढे हाताशी आल्यावर सुताराला बोलवावे. प्रत्येक खणाचे माप, त्यात काय जाणार, प्लायचा दर्जा आणि जाडी, बिजागऱ्या व चॅनलची कंपनी हे सारे एका कागदावर लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. काम सुरू होण्याआधी कपाट जिथे येणार तिथे जमिनीवर चिकटपट्टीने त्याची बाह्याकृती आखावी आणि चार दिवस त्या रेषेबाहेरूनच वावरावे. आमच्या घरी या चार दिवसांत, मोरीकडे जाताना बादली घेऊन वळता येत नाही हे लक्षात आले, आणि कपाट पाच इंचांनी अरुंद केले. फळ्या पक्क्या न ठोकता पिनांवर ठेवायला सांगाव्यात, म्हणजे शाळकरी मुलाच्या वह्यांचा खण पुढे कॉलेजच्या जाड पुस्तकांना वाढवता येतो.

शेवटी एक खण पूर्ण रिकामा सोडावा. आमच्या घरी तो दाराजवळ, गुडघ्याच्या उंचीवर, अडीच फूट रुंद आहे. गावाहून कोणी आले की त्यांची बॅग सरळ तिथे जाते, आणि एरवी त्यात काही ठेवले गेलेच तर रात्री झोपण्याआधी ते आपल्या जागी परत जाते.